कानावरून सांगितलेला रंग

चाचा कुणाशी हात मिळवत नसत. नवा माणूस समोर आला की त्याच्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरायची, जरा चोळायची आणि मगच त्याच्या तोंडाकडे पाहायचं, ही त्यांची रीत. मलकापूरच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर नोकरीला लागलो त्या सकाळी त्यांनी माझी बाही धरली आणि विचारलं, "आहेरातलं कापड हाये का बे हे?" आहेरातलंच होतं, मोठ्या भावाच्या लग्नातलं. मी मान हलवली. "दोन धुण्यात बसून जाईन. पण तू मानूस बरा दिसतं," असं म्हणून ते चालू लागले. त्या दिवसापासून त्यांच्या लेखी माझं नाव 'काटेवाले' झालं आणि आई-बापांनी ठेवलेलं नाव त्यांनी शेवटपर्यंत एकदाही विचारलं नाही.

ते आमचे ग्रेडर. शेतकऱ्याची गाडी आली की कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातली मूठ काढायची, धागा ओढून त्याची लांबी पाहायची आणि माल एक नंबर की दोन नंबर ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांनी 'कवडी' म्हटलं की संपलं. कवडी म्हणजे किडीनं खाल्लेला, पिवळा पडलेला, धड न फुललेला कापूस. बाकीचे ग्रेडर डोळ्यांनी बघत. चाचा धागा ओढताना डोळे मिटून घेत. "डोया फसते बे. बोट नाही फसत," म्हणायचे. आणि एकदा तोंडातून जी प्रत गेली ती गेली. जिनिंगचे मालक शेठजी, त्यांनी डोळा मारला तरी नाही आणि शेतकऱ्यानं पाय धरले तरी नाही.

एकदा एका शेतकऱ्यानं खरोखरच धरले. नवरा-बायको दोघं गाडी घेऊन आले होते आणि चाचांनी दोन नंबर सांगितलं होतं. तो म्हणाला, "चाचा, तुम्ही एक नंबर म्हटलं त कोनी मोडत नाही. एक डाव म्हना ना." चाचा म्हणाले, "आज खोटं म्हनलं, त उद्या तुया खऱ्या एक नंबरले कोन एक नंबर म्हनन?" एवढं बोलून ते खाली बसले, गाडीतला कापूस ताडपत्रीवर ओढून घेतला आणि त्यातली कवडी वेचायला लागले. मग ते दोघंही बसले. दुपारपर्यंत तिघं तिथंच होते, मधे त्या बाईनं भाकर सोडली ती तिघांनी खाल्ली. उठताना चाचांनी पुन्हा कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता हाये एक नंबर." मी काट्यावरून हे पाहत होतो. पुढं मी बरीच हुशार माणसं पाहिली, पण असा हट्टी माणूस पुन्हा भेटला नाही.

मग बीटीचं बियाणं आलं. पाकिटावर शंभर नावं, शंभर तऱ्हेच्या बोंडांचे फोटो आणि आत जवळजवळ एकच धागा. गाड्या ओळीनं यायच्या, माल सारखाच दिसायचा. शेठजी सरसकट भाव सांगायला लागले. चाचांना म्हणाले, "आता हात घालायची गरज नाही, तुम्ही नुसते बसा." चाचा नुसते बसले. म्हणजे खुर्चीवर बसले, पण बोटं काही बसेनात. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या उपरण्याचं टोक, पोत्याची सुतळी, चहावाल्याचं फडकं, जे हाती लागेल ते चोळत राहायचे. आणि पुढं जेव्हा बोंडअळी त्या पाकिटांनाही पुरून उरली, तेव्हा गाड्याच्या गाड्या कवडी यायला लागली. ती ओळखायला बोटांची गरजच नव्हती. लोक गाडी उभी करायचे आणि खाली मान घालून थांबायचे. त्या दिवसांत चाचा फाटकाकडे पाठ करून बसायचे.

त्याच हंगामात कंपनी आली.

कंपनी म्हणजे कुत्री. एका बियाण्याच्या कंपनीचे साहेब गावात भाड्यानं राहत होते. अळीचा बोभाटा झाला, लोक रोज त्यांच्या दारात यायला लागले आणि साहेबांनी बदली करून घेतली. जाताना अडीच महिन्यांचं पिल्लू शेठजींच्या गळ्यात मारून गेले. गोल्डन रिट्रीव्हर, असं त्यांनी सांगितलं होतं. शेठजींना ते नाव म्हणता येईना, म्हणून हमालांनी तिचं नाव कंपनी ठेवलं. "कंपनीले भाकर टाका रे," "कंपनी गंजीवर मुतली," असा सगळा कारभार सुरू झाला. तेवढंच लोकांना जरा हसायला मिळालं.

पिल्लू जवळपास पांढरं होतं. मी म्हटलं, "चाचा, नाव गोल्डन आणि रंग रुईचा. साहेबांना फसवलं कुणीतरी." चाचांनी तिला उचललं नाही. नुसता कान दोन बोटांत धरला, अगदी माझी बाही धरली होती तसा. डोळे मिटले, मग उघडून कानाकडे निरखून पाहिलं. कान अंगापेक्षा पुष्कळ गडद होता, जुन्या गुळाच्या रंगाचा. "हे पांढरं कपडं लेकरपनाचं हाये," ते म्हणाले. "झडून जाईन. कानाचा हाये तोच रंग अंगावर येईन. दोन वर्सं लागतीन." हमाल हसले. एक जण म्हणाला, "चाचाले कापूस नाही राहिला त कुत्र्याची ग्रेड काढून राह्यले." चाचांनी त्याच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हाव. लिहून ठेव." आयुष्यभर त्यांचा शब्द कुणी मोडला नव्हता आणि आता तो एका पिल्लाच्या कानावर येऊन टेकला होता. त्यांना तो किती लागून राहिला होता हे मला तेव्हा पुरतं समजलं नाही.

चाचांचं लग्न झालेलं नव्हतं. रोहिणखेडला त्यांची थोरली बहीण होती, आपा. मशिदीच्या मागच्या गल्लीत त्या एकट्या राहत आणि चाचा दर शुक्रवारी तिकडे जात. कुत्र्याची बातमी आपांपर्यंत पोचली तेव्हा त्यांनी निरोप पाठवला की कुत्र्याची लाळ लागली तर नमाज होत नाही, घरात आणायचं नाही आणि त्या कपड्यांनी घरात यायचंही नाही. चाचांनी ते तंतोतंत पाळलं. फाटकाजवळच्या खिळ्यावर एक खाकी डगला टांगलेला असे. कंपनीला हात लावायचा तो डगला घालून. मग डगला काढायचा, हातपाय धुवायचे आणि नमाजाला जायचं. "राखनीचं कुत्रं चालते," हे ते सगळ्यांना बजावून सांगत. आता कंपनी आणि राखण! एकदा सरकीचं पोतं चोरायला आलेल्या माणसाला ती शेपटी हलवत फाटकापर्यंत सोडून आली. तिला एकच विद्या येत होती. गंजीवरून खाली पडलेला कापसाचा पुंजका तोंडात अलगद धरून आणायचा आणि चाचांच्या हातावर ठेवायचा. चाचा तो चोळून पाहायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "माल चांगला हाये. ओलावा जास्त हाये."

पहिल्या हिवाळ्यात तिची लव झडायला लागली. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर एक सरळ, चपट्या केसांचा पट्टा उमटला, थोडा गडद. बाजूंना मात्र तोच जुना पिंजलेला कापूस. फार वाईट दिसायची. हमालांनी खरूज ठरवून टाकली, कुणी करंजाचं तेल लावा म्हणालं. चाचा खूश. मला डगला घालायला लावून त्यांनी माझी बोटं तिच्या पाठीवर ठेवली. "पाह्य. खाली रुई, वर धागा. रुई ऊन-थंडीले, धागा पान्याले. रुई आधीपासून होती, धागा आता येऊन राह्यला. रंग धाग्यात असते बे, रुईत नसते." खरंच दोन थर होते. खालचा मऊ, फिका, दाट आणि वरचा लांब, जरा राठ. इतके दिवस तिला थोपटत होतो, पण मला ते कळलं नव्हतं. दर महिन्याला ते तिला विंचरत आणि मला बोलवून दाखवत. पट्टा पाठीवरून बरगड्यांवर उतरत गेला. मग पुढच्या पायांच्या मागे झालर आली, मग शेपटीला. वर्षाची झाली तेव्हा ती गव्हाच्या रंगाची होती. "अजून नाही," चाचा म्हणायचे. "अजून दोन हाताचा फरक हाये." हात हे रंगाचं माप कसं, ते मी कधी विचारलं नाही.

आता मी केलं ते सांगतो.

कंपनीची दुसरी होळी. झडण्याचा मोसम होता आणि ती झडायला लागली म्हणजे आवारात केसांचे पुंजके उडायचे. ते रुईत गेले. गाठी ज्या सूतगिरणीला गेल्या होत्या तिथून पत्र आलं की मालात पिवळे केस निघतात. शेठजी भडकले. चाचा नेमके त्याच आठवड्यात रोहिणखेडला गेलेले, आपांचा हात मोडला होता आणि त्यांच्याकडे बघायला दुसरं कुणी नव्हतं. शेठजी मला म्हणाले, "एक तर केस जातील, नाही तर कुत्री. आठ दिवसांत." मी घाबरलो. चाचा परत येतील आणि कंपनी नसेल, हे मला सोसवेना. उन्हं तर अशी पडली होती की काट्याच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. जिनिंगच्या मागच्या रिकाम्या वावरात धनगरांनी मेंढरं बसवली होती आणि त्यांची कातरणी चालू होती. मला वाटलं, यासारखं सोपं काय? केसही जातील, बिचारीला गारवाही मिळेल.

धनगर म्हातारा होता. त्यानं कंपनीच्या अंगावरून हात फिरवला आणि थांबला. "मालक, हे लोकर नोहे. याच्यात दोन जाती हायेत. मी नाही कातरत." मी म्हटलं, "कातर बाबा. मी सांगतो ना." माझ्या आवाजात तेव्हा काय तोरा होता! त्यानं कातरलं. कंपनी हूं की चूं न करता उभी राहिली, मधूनमधून माझा हात चाटत होती. तासाभरात एक गुलाबी, खड्ड्याखड्ड्यांचं जनावर उरलं आणि कान तेवढे गुळाच्या रंगाचे. मी तिला शेठजींना नेऊन दाखवलं. ते म्हणाले, "शाब्बास." मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू?

चाचा पंधराव्या दिवशी आले. कंपनी धावत गेली. त्यांनी आधी डगला घातला, कितीही झालं तरी रीत चुकवली नाही. मग तिच्या पाठीवर हात ठेवला, उलटा फिरवला, सुलटा फिरवला. डोळे मिटलेलेच होते. मी बाजूला उभा राहून सांगत होतो, शेठजींचं, पत्राचं, उन्हाचं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "उन्हाळ्यात तू डोक्याले दुपट्टा काऊन बांधतं?"

"ऊन लागू नये म्हणून."

"मंग तिचा दुपट्टा काऊन काढला बे?"

एवढंच. पुढे शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "आता रुई पह्यले येईन," ते म्हणाले, "अन् धाग्याले जागाच नाही देईन. येईन का नाही, सांगता नाही येत." ज्या माणसानं आजवर प्रत्येक गाडीची प्रत ठामपणे सांगितली, त्याच्या तोंडून 'सांगता येत नाही' हे मी पहिल्यांदा ऐकलं. ते माझ्यामुळे ऐकावं लागलं.

त्या वैशाखात चाचा दिवसभर काळी छत्री घेऊन कंपनीच्या मागे फिरत. ती लिंबाखाली गेली की छत्री लिंबाखाली, ती पाण्याच्या हौदाकडे गेली की छत्री हौदाकडे. तिची कातडी उन्हानं सोलत होती, तिथं ते खोबरेल लावत. येणारे-जाणारे हसत. मी एकदा म्हटलं, "द्या, मी धरतो छत्री." त्यांनी ती लगेच माझ्या हातात दिली. राग त्यांना धरताच येत नसे. मी मात्र छत्री धरून उभा असताना वर मान करू शकलो नाही.

पुढच्या दसऱ्याला जिनिंग सुरू झालंच नाही. शेठजींनी यंत्रं विकली, आवार गोदामाला दिलं. चाचा कंपनीला घेऊन रोहिणखेडला गेले. आपांनी उंबऱ्याबाहेर अंगणात तिला जागा दिली, त्यापुढं एक पाऊल नाही. मला जळगाव जामोदला एका धान्याच्या काट्यावर नोकरी मिळाली आणि मी तिकडे गेलो. दर शुक्रवारी दुपारी चाचांचा फोन यायचा. तब्येत, पाऊस असलं काही नाही. थेट अहवाल. "रुई आली. पांढरी फट. मेंढरू दिसते." "बाजूले धागा हाये, पाठीवर नाही." "दोन नंबर बी नाही म्हनता येत, काटेवाले." मी हं हं करत ऐकायचो. मला वाईट वाटावं म्हणून ते हे सांगत नव्हते. त्यांना जे दिसायचं तेच ते सांगायचे, त्याला त्यांचा इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवाळीत मी फोनवर रडलो. बाप गेला होता, घरात सगळीच पडझड होती आणि बोलता बोलता मध्येच माझ्या तोंडून निघून गेलं की चाचा, मी तुमचा शब्द खोटा पाडला, ते काही माझ्या मनातून जात नाही.  ते म्हणाले, "जेव, अन् झोप." आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, संक्रांतीच्या सुमाराला, त्यांचा फोन आला. "काटेवाले, रंग आला. कानाचा हाये तोच. पाठीवर बी आला. ये, पाहून जा. होळीले झडन, त्याच्या आत ये."

मी येतो म्हटलं आणि गेलो नाही.

काम होतं, हे खरं. दोन ठिकाणी गाडी बदलावी लागते, हेही खरं. पण खरं कारण वेगळंच होतं. माझा विश्वास बसला नाही. वर्षभर जो माणूस 'दोन नंबर बी नाही' म्हणत होता, तो माझ्या रडण्यानंतर दोन-अडीच महिन्यांतच 'रंग आला' म्हणतो, याचा अर्थ मी माझ्या मनानं लावला. मला वाटलं, चाचा आयुष्यात पहिल्यांदा खोटी प्रत सांगताहेत आणि ती माझ्यासाठी. मी गेलो असतो तर पांढरं मेंढरूच दिसलं असतं आणि त्यांचं खोटं उघडं पडलं असतं. तसं होऊ नये म्हणून मी जायचं टाळलं. त्यांच्यावरच्या मायेनंच टाळलं, असंही मी स्वतःला सांगत होतो. त्यांनी पुढं दर शुक्रवारी विचारलं, "कधी येतं बे?" मी म्हटलं, "येतोच." मग होळी आली आणि गेली. फोन त्याच्या आधीच येईनासे झाले होते. मला वाटलं, रुसले असतील. चाचा आणि रुसणार! एवढंही मला सुचलं नाही.

मी वैशाखात गेलो. मशिदीच्या मागच्या गल्लीत विचारलं तर एका पोरीनं घर दाखवलं. अंगणात कडूलिंबाखाली कंपनी पडली होती. मला पाहून उठली, पण आधी मी तिला ओळखलंच नाही. तिच्या अंगावर केसांच्या गाठीच गाठी लोंबत होत्या, पोटाखाली, मांड्यांवर, शेपटीला. झडलेली रुई अंगावरच अडकून तिचा घोंगडीसारखा घट्ट नमदा झाला होता. उन्हानं ती धापा टाकत होती. आपा दारात आल्या. मी चाचांचं विचारलं. त्या म्हणाल्या, "होळीच्या आठ दिवस आधी गेला, बेटा. छातीत दुखलं अन् गेला."

मी अंगणातच बसलो. आपांनी पाणी दिलं. मग मी कंपनीकडे बोट केलं आणि विचारलं, हिला कुणी विंचरलं नाही का.

"त्यानंच मना केलं होतं," आपा म्हणाल्या. "म्हने, काटेवाला येनार हाये, त्यानं पाहिल्याबिगर फनी नाही लावायची. झडू लागली तरी नाही. एक पोरगा विंचरून देतो म्हनत होता, मी लावू नाही देल्ली." त्या आत गेल्या आणि फणी घेऊन आल्या. ती माझ्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवून मागे सरकल्या.

मी विंचरायला लागलो. पहिला नमदा निघाला तो मुठीएवढा होता, फिका, निर्जीव. तो निघाला आणि खाली पाठ दिसली. लांब, सरळ, चपटा केस. मी दुसरा काढला, तिसरा काढला. पाठीवर, बरगड्यांवर, जिथं जिथं त्या धनगराची कातर माझ्या हुकमानं खोल गेली होती तिथं तिथं तोच रंग होता. जुन्या गुळाचा. मी तिचा कान ओढून पाठीवर टेकवून पाहिला. कान कुठं संपतो ते कळत नव्हतं. चाचांनी एका शब्दाचंही खोटं सांगितलेलं नव्हतं.

आपा उंबऱ्यातून पाहत होत्या. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. "त्यानं सांगितलं तसाच हाये का रंग?" त्यांनी विचारलं.

"तसाच आहे, आपा. एक नंबर."

"मंग येऊन त्याले काऊन नाही सांगितलं, बेटा? रोज गाडीच्या वख्ताले गल्लीच्या तोंडावर जाऊन बसे."

 कंपनीची शेपटी अजून विंचरायची राहिली होती, मी ती हातात घेतली.